पाणी न पिता गेलेला पाव्हणा

अठ्ठावीस वर्षं देविदासनं एसटी चालवली आणि त्या अठ्ठावीस वर्षांत त्याला एकदाही मनासारखं थांबता आलं नाही. थांबा असेल तिथं थांबायचं, कंडक्टरनं घंटी दिली की निघायचं. रिटायर झाल्यावर त्यानं गिअरची सायकल घेतली ती तब्येतीसाठी, असं तो घरात आणि डॉक्टरसमोर सांगत असे. खरं अप्रूप त्याला वेगळ्याच गोष्टीचं होतं. मागं घंटी वाजवणारं कुणी नाही, याचं.

रेणापूरच्या लोकांनी महिनाभर हसून घेतलं आणि मग त्यांना दुसरं काहीतरी हसायला मिळालं. देविदास लातूरच्या सायकलवाल्या पोरांच्या ग्रुपात जाऊ लागला. पोरं त्याला काका म्हणत आणि नियम शिकवत. पाणी आपल्याच बाटलीतलं, मीठ-साखर घातलेलं, आणि तेही दर पंधरा मिनिटांनी दोनच घोट. वाटेत कुठंही पाच मिनिटांच्या वर बसायचं नाही, बसलं की पाय आखडतात. कुणाच्या घरी जेवायचं नाही. देविदासनं डेपो मॅनेजरचं जितकं ऐकलं नव्हतं तितकं या पोरांचं ऐकलं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

फेब्रुवारी सरत आला होता आणि तो लेकीकडे निघाला होता. रेणापूर ते इस्लापूर, दोन दिवसांचा पल्ला. पहिली रात्र नांदेडला एका जुन्या ड्रायव्हर मित्राकडे काढून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यानं सायकल बाहेर काढली. उरलेले शंभरावर किलोमीटर उत्तरेकडचे होते. मुदखेड, भोकर, हिमायतनगर आणि मग डोंगर-जंगलाचा मुलूख.

शिवकन्या त्याची एकुलती एक. इस्लापूरला तिचा नवरा आनंदराज वायरमन होता. तिला आठवा महिना लागला होता. दोन वर्षांपूर्वी पहिलं बाळ सातव्यातच झालं आणि गेलं. या खेपेला तिचं बीपी वाढत होतं. किनवटच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं की प्रवास नाही, दगदग नाही, आणि मनाला धक्का बसेल असं तर काहीच नाही. म्हणून तिला माहेरी आणायचंही राहिलं होतं. हरभरा काढून झाला की पुढच्या आठवड्यात तिची आई केवळाबाई बसनं जाणार होती आणि बाळंतपण उरकूनच येणार होती. पण देविदासला तेवढा दम निघेना. लेकीला एकदा डोळ्यांनी बघावं, न सांगता दारात उभं राहून तिला हसवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. गेल्या दोन महिन्यांत फोनवर ती हसलेली त्यानं ऐकली नव्हती.

"साठीला टेकले न् सायकलवर लेकीच्या घरी चालले," केवळाबाई म्हणाली होती. "पडले-बिडले तर मला फोन करू नका."

"न्हाई करत," तो म्हणाला होता. ती घरात निघून गेली, वाटेला लावायला दारात आली नाही. ते त्याला पहिल्या दिवशी लागलं नव्हतं, आज सकाळी थोडं लागलं.

तरी सकाळ झकास होती. मुदखेडकडे केळीच्या बागा, त्यापलीकडे शेताशेतात हळद शिजवण्याचा धूर. ज्या रस्त्यावरून तो वर्षानुवर्षं पन्नास माणसं घेऊन गेला, त्याच्या कडेला इतक्या विहिरी आहेत हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. लोक हसत होते. "काका, पेट्रोल सपलं का?" असं एकानं ओरडून विचारलं. दुसरा म्हणाला, "आजोबा, सासुरवाडीला निघालाव का?" डोक्याला, तोंडाला उन्हासाठी पांढरं उपरणं गुंडाळलेला, चार दिवसांची दाढी वाढलेला देविदास हात हलवून पुढं निघून जाई. कुणी हसलं की त्याला उलट हुरूप येत होता.

भोकरच्या अलीकडे रस्त्याला लागूनच मनकर्णाबाईचं घर होतं. मनकर्णाबाई म्हणजे आनंदराजची आत्या. तिच्या दारावरून न भेटता जाणं म्हणजे सोयरिकीत कायमचा बोल लावून घेणं. देविदासनं सायकल कुडाला टेकवली. मनकर्णाबाई अंगणात हळद पसरत होती. त्याला बघून ती गडबडून उठली.

"इवाई? एकलेच? केवळाताई न्हाई आल्या?"

"न्हाई. एकलाच हाय."

ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. देविदासनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. पाणी पिऊन पंधरा मिनिटं झाली नव्हती. शिवाय तांब्या हातात घेतला की बसावं लागणार, बसलं की चहा, चहामागं भाकरी, आणि ऊन डोक्यावर येणार.

"पाणी नको, आक्का. थांबायला टाइम न्हाई. पोरीला गाठायचंय."

मनकर्णाबाईचा हात तसाच राहिला.

"आन् तिला फोन करून काही सांगू नका," देविदासला एकदम आठवलं. "तिची तब्येत तुम्हाला माहीतच हाय. मी सोता जाऊन सांगतो."

तांब्या तिनं हळूच खाली ठेवला, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बरं. जावा मग. जपून जावा." हळदीची पूड डोळ्यात गेली असेल असं देविदासला वाटलं. त्यानं सायकल काढली आणि पाच मिनिटांच्या आत निभावलं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

भोकर मागं पडलं. ऊन तापलं, चढ लागले. एका चढावर मागून एक मोटरसायकल आली आणि त्याच्या बाजूनं सावकाश चालू लागली. चालवणारा पन्नाशीचा, अनोळखी. "तुम्ही आनंदराजचे सासरे का?" त्यानं विचारलं. देविदासनं होकार दिला. त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली, म्हणाला, "जावा. काही लागलं तर सांगा," आणि गाडी वळवून आल्या रस्त्यानं परत गेला.

देविदास थोडा वेळ पाय मारायचं विसरला. हा कोण? टोपी का काढली? काही लागलं तर म्हणजे काय लागणार? आणि आनंदराजचा सासरा सायकलवर येतोय हे याला कळलं कसं? त्यानं स्वतःलाच समजावलं की मनकर्णाबाईचं तोंड काही बंद राहत नाही. तरी त्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

हिमायतनगरला आनंदराजचे चुलते शेषेराव यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. तिथं दोन मिनिटं टेकायचं असं त्यानं आधीच ठरवलं होतं. साडेअकराला तो पोचला तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर बाकावर चार माणसं बसली होती. त्याला बघून चौघंही उठून उभी राहिली.

कुणी हसलं नाही. आज सकाळपासून ज्यानं ज्यानं बघितलं तो हसला होता, आणि ही माणसं, जी त्याची चांगली चेष्टा करू शकली असती, खाली मान घालून उभी होती.

शेषेराव आतून आले. "बसा, इवाई."

"शिवकन्या कशी हाय?" देविदास उभ्यानंच बोलला.

शेषेरावांनी बाकीच्यांकडे बघितलं. "बरी हाय. सगळं ठीक हाय."

"काय झालंय?"

"कुठं काय? काही न्हाई. तुम्ही निवांत जावा."

"वहिनी कुठायत?"

"ती..." शेषेराव घुटमळले. "घरातल्या बाया मघाच इस्लापूरला गेल्या. पोरगा जीप घेऊन गेला. शिवकन्याजवळ कुणीतरी पाहिजे म्हणून."

देविदासला पुढचं ऐकू आलं नाही. अठ्ठावीस वर्षांत त्यानं हा आवाज शेकडो वेळा ऐकला होता. बाई भावासोबत गाडीत चढते, भाऊ तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसतो. बाई विचारते, आईला काय झालंय रे? भाऊ म्हणतो, काही न्हाई, जरा आजारी हाय, सगळं ठीक हाय. ड्रायव्हर, कंडक्टर आणि मागच्या चार सीटा सगळ्यांना कळलेलं असतं. फक्त तिला नसतं. लेकीला मैतीची खबर वाटेत द्यायची नाही, घराच्या उंबऱ्यापर्यंत तिला धड न्यायचं, ही या मुलखाची रीत. गाव जवळ आलं की देविदास गाडी उगाच हळू करायचा. तेवढंच तिला आणखी दोन मिनिटं.

आणि आता कुणीतरी त्याच्यासाठी गाडी हळू करत होतं.

दुसरी गाडी मिळेल का, त्यानं विचारलं. रेल्वेला तीन तास होते. स्टँडवरची जीप भरल्याशिवाय निघणार नव्हती आणि तिच्यात दोनच माणसं बसली होती. "मोटरसायकल?" "ती धाकटा घेऊन गेलाय," शेषेराव म्हणाले. "कुणाची तरी मागवतो. अर्धा घंटा थांबा."

अर्धा तास एका जागी बसणं म्हणजे जीव गेल्यासारखंच होतं. पाय फिरत होते तोवर तरी डोकं धड होतं. तो पुन्हा सायकलवर बसला. शेषेराव दोन पावलं मागं आले, "पाणी तरी..." म्हणाले आणि मधेच गप्प झाले.

तीसेक किलोमीटर राहिले होते. घड्याळ, घोट, गिअर सगळं विसरून देविदास नुसता पायडल हाणत होता. शिवकन्याला फोन लावला, बंद. आनंदराजला लावला, लागेना. पळसाला रंग आला होता आणि सागाची वाळकी पानं रस्त्यावर घरंगळत होती. एरवी त्यानं सायकल थांबवून फोटो काढून पोरांना पाठवला असता. आता त्याला डोळ्यासमोर दवाखान्याची फरशी दिसत होती. देवा, बाळ गेलं तर गेलं, पोरगी राहू दे, असं तो मनात म्हणाला आणि म्हटल्याबरोबर स्वतःच्या जिभेची त्याला इतकी शरम वाटली की त्यानं मोठ्यानं "न्हाई, न्हाई, दोघंबी," असं म्हणून टाकलं. रस्त्यावर एका म्हशीशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

एका टेकाडावर फोन वाजला. आनंदराज.

"मामा, कुठपर्यंत आलाव?" आवाज दबका होता.

"शिवकन्या कशी हाय?"

"बरी हाय. तिला अजून काही सांगितलं न्हाई आमी. फोन काढून घेतलाय तिच्याकडून. तुम्ही आल्यावर तुमच्याच तोंडानं..."

"काय सांगितलं न्हाई? आनंदराज, काय सांगायचंय तिला?"

तिकडून एक लांब श्वास आला. "मामा, धीर धरा," आनंदराज म्हणाला आणि रेंज गेली.

देविदास सायकल धरून उभा राहिला. तिला सांगितलं नाही म्हणजे ती आहे. जिवंत आहे, धडधाकट आहे, कुठलीतरी खबर तिच्यापासून लपवता येण्याइतकी बरी आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गालावर यायच्या आतच दुसरा विचार अंगावर आला. मग खबर कुणाची? शिवकन्यापासून लपवण्यासारखं जगात होतंच कोण? तो स्वतः इथं उभा होता. राहिली केवळाबाई.

म्हणजे ती खबर त्याच्यापासूनही लपवत होते. टोपी काढणारा माणूस, उठून उभे राहिलेले चौघे, धीर धरा म्हणणारा जावई. सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाच नव्हतं. काल वाटेला लावायला न आलेली केवळाबाई.

फोनला एक दांडी आली तेवढ्यात त्यानं घरी लावला. रिंग वाजत राहिली, वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तीही दांडी गेली.

मागं फिरावं तर रेणापूर दोन दिवसांवर. पुढं जावं तर लेकीसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? सायकल उताराला लागली होती म्हणून तो पुढं गेला, एवढंच. उन्हात, उघड्यावर, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस उपरण्यानं डोळे पुसत हुंदके देत सायकल चालवत होता, आणि ब्रेक दाबायचं भान त्याला होतं हीच ड्रायव्हरकीची पुण्याई.

उताराच्या तळाशी एक वस्ती होती आणि हापशावर एक म्हातारी घागर भरत होती. देविदासच्या बाटल्या केव्हाच कोरड्या पडल्या होत्या. तो उतरला आणि ओंजळ पुढं केली. म्हातारीनं हापसा मारला. तो घटाघटा प्याला, तोंडावर मारून घेतलं, परत प्याला.

म्हातारी त्याच्याकडे निरखून बघत होती. "कुणीकडं?"

"इस्लापूरला. लेकीकडं."

"मला वाटलं सांगावा घेऊन चाललास. मैतीचा."

"का?"

"डोळे पुशीत आलास. डोक्याला पांढरं. एकला." तिनं घागर कमरेवर घेतली. "पर तू पानी पेलास. सांगावेवाला पानी पेत न्हाई. आमच्यात तर त्याला कुनी पानी इचारतबी न्हाई."

ती चालू पडली. देविदास ओल्या तोंडानं तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांसमोर मनकर्णाबाईनं हळूच खाली ठेवलेला तांब्या आला.

मैतीचा सांगावा घेऊन आलेला माणूस दारात पाणी घेत नाही, बसत नाही, पुढच्या घरी जायची घाई करतो. एवढी साधी गोष्ट. ह्याच मुलखात जन्म काढलेल्या माणसाला ती माहीत नव्हती असं नाही. पण लातूरच्या पोरांच्या दोन घोटांच्या नादात ती त्याच्या ध्यानातूनच गेली. आणि तो काय काय बोलून आला होता! एकलाच हाय. थांबायला टाइम न्हाई. पोरीला गाठायचंय. तिला फोन करू नका, मी सोता जाऊन सांगतो. खऱ्या सांगावेवाल्यालासुद्धा इतकं नीट जमलं नसतं. बायको मेलेला माणूस सायकलवर शंभर किलोमीटर कशाला जाईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल का? आलंही असेल. दुःखानं बिचाऱ्याचं डोकं फिरलं, असं म्हणून त्यांनी तेही मिटवलं असेल. आणि खातरजमेसाठी मेलेल्या बाईच्याच फोनवर फोन कोण लावणार?

त्याला हसू यायला हवं होतं. आलंही, अर्धवट. मग आनंदराजचे शब्द आठवले. फोन काढून घेतलाय तिच्याकडून. जीपभर बाया तिच्याभोवती बसल्यात. शिवकन्या दूधखुळी नव्हती. तीही याच मुलखातली होती. आपल्यापासून काहीतरी लपवतात हे तिला कळलं असणार, सकाळपासून तिचं काळीज वर-खाली होत असणार, आणि डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलेलं नेमकं तेच, तिच्या बापानं, तिला हसवायला निघून, केलं होतं.

उरलेले बारा किलोमीटर त्यानं कसे काढले ते त्याला नंतर सांगता आलं नाही. मधल्या एका गावात रेंज मिळाली. आनंदराज लागला नाही. घरचा फोन तिसऱ्या रिंगला उचलला गेला.

"काय हो येवढे फोन? हरभऱ्यात होते मी. पडलाव का?"

तिचा तो करवादलेला आवाज ऐकून देविदास रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. मग तो म्हणाला, "केवळा, फोन हातातून सोडू नको. मी परत लावतो. काय बी झालं तरी उचल."

आनंदराजच्या अंगणात जीप उभी होती. चपलांचा खच पडला होता. देविदास फाटकात उतरला आणि त्याला बघताच ओसरीतल्या एका बाईनं सूर काढला. तिच्यामागं दुसरीनं. तो "अहो, थांबा, कुणी गेलं न्हाई," असं ओरडत होता आणि ते कुणाच्या कानातही शिरत नव्हतं.

शिवकन्या उंबऱ्यात होती, दोन बायांच्या मधे. ती भिंतीला धरून उठली. सगळा चेहरा सुजलेला, पायसुद्धा. बायांना बाजूला सारत ती अंगणात आली आणि तिनं त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच... एक बाई बोलून गेली की वडील सायकलवर निघालेत. मग सगळ्या गप्प. मला वाटलं ट्रकखाली..." तिला दम लागला. मग तिच्या डोळ्यांत ते दुसरं आलं, जे टेकाडावर त्याच्याही मनात आलं होतं. "मग आई?"

"आई चांगली हाय. सगळं ठीक हाय, बेटा."

शिवकन्यानं त्याचा दंड सोडला. "तवाबी तुम्ही असंच म्हणलाव," ती हळूच म्हणाली.

ओसरीतला सूर बंद पडला.

दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिच्या उशाशी तोच होता. बाळ काचेच्या पेटीत हाय, सगळं ठीक हाय, असं त्यानंच तिला सांगितलं होतं. सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं होतं, तिच्या भल्यासाठी. बाळाला आदल्या दिवशीच मातीआड केलं होतं. दोन दिवस ती वाटीत दूध काढून द्यायची, बाबा, पेटीतल्या बाळाला नेऊन द्या म्हणायची, आणि तो वाटी घेऊन दाराबाहेर जायचा. तिसऱ्या दिवशी तिला कळलं. त्या वाटीबद्दल ती त्याला एका अक्षरानं कधी बोलली नव्हती. त्यानंही तो विषय मनात कधी वर येऊ दिला नव्हता.

"हाव," तो म्हणाला. "तवा मी खोटं बोललो."

त्यानं फोन काढला, घरी लावला, स्पीकर मोठा केला. केवळाबाईनं पहिल्याच रिंगला उचलला. काय झालंय ते तिला चार वाक्यांत सांगितलं आणि मग अंगणातल्या पंचवीस माणसांनी जे ऐकलं ते मेलेल्या बाईचं नक्कीच नव्हतं. पाणी का प्याले नाहीत, दाढी का केली नाही, सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा ठेवली का, अशी ती पाच मिनिटं न थांबता बोलली. सूर काढणाऱ्या बाईनं पदर तोंडात धरला. शेवटी केवळाबाईचा आवाज बदलला. "शिवा, बाई, बरी हायस ना?" शिवकन्या फोन कानाशी धरून रडता रडता हसली. ते हसू ऐकायला देविदास दोन दिवस सायकल मारत आला होता. आता ते ऐकताना त्याला आनंद झाला नाही, नुसती धास्ती वाटली.

आनंदराज आतून बीपीचं मशीन घेऊन आला. बायकोला खाटेवर बसवून त्यानं दंडाला पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं, थांबलं. आनंदराजनं आकडे बघितले आणि सवयीनं मशीन पालथं करून ठेवलं.

"किती?"

"ठीक हाय," आनंदराज म्हणाला. "उन्हानं जरा... पडून राहा थोडा वेळ."

शिवकन्यानं त्याच्याकडे बघितलंच नाही. "बाबा, तुम्ही बघा," ती म्हणाली. "तुम्ही सांगा मला."

देविदासनं मशीन उलटं केलं. आनंदराज डोळ्यांनी नको नको म्हणत होता. तिची चुलतसासू मान हलवत होती. सगळ्यांना तिचं भलंच हवं होतं, त्यालाही हवं होतं, आणि ओठांवर ते दोन शब्द तयारच होते.

"एकशे अठ्ठावन्न," तो म्हणाला. "खालचं एकशे चार."

कुणीतरी च्च केलं. शिवकन्यानं डोळे मिटले, उघडले. "दीडशेच्या वर गेलं की तसंच निघून या, म्हणल्या होत्या डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "जीप हायच की दारात. कपाटातली फाईल घ्या, आन् पिवळी पिशवी. ती भरून ठेवलीय मी." ती स्वतःच उठली. ओसरीतल्या बाया वाट सोडून बाजूला झाल्या.

सायकल फाटकाला तशीच टेकलेली राहिली. जीपमध्ये मागच्या सीटवर ती त्याच्याशेजारी बसली, पाय समोर लांब करून. पुढं आनंदराज डॉक्टरांना फोन लावत होता. इस्लापूरची शेवटची घरं गेली तसा तिनं त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"तिथं ते काय बी म्हणू द्या," ती म्हणाली. "मला तुम्हीच सांगायचं. जे असल ते."

"सांगीन."

पुढं आनंदराजचा फोन लागला आणि तो डॉक्टरीणबाईंना आकडे सांगू लागला.

"मला लई भ्या वाटून राहिलंय, शिवा," देविदास म्हणाला.

"मलाबी," ती म्हणाली, आणि त्याचा हात तिनं किनवट येईपर्यंत सोडला नाही.